पलीकडं कोण?

इंगवले सरांनी माझ्यासमोर पाच कीबोर्ड फोडले. त्यातला पहिला माझा होता, आणि तो माझ्या नोकरीचा तिसराच दिवस होता.

चंदिगडच्या इंडस्ट्रियल एरियात आमची कंपनी. खाली वर्कशॉप, जिना चढून वर गेलं की आम्ही आठ-दहा इंजिनियर. पत्र्याला आकार देणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसचे कंट्रोल बोर्ड आम्ही बनवायचो. प्रेस म्हणजे वरून खाली येणारा लोखंडी दट्ट्या. त्यानं कधी यायचं, कधी थांबायचं हे बोर्डावरचा प्रोसेसर ठरवतो. कामगाराचा हात चुकून आत गेला तर समोरचा प्रकाशाचा पडदा तुटतो, प्रोसेसरला कळतं आणि दट्ट्या थांबतो. हे ज्या प्रोग्रॅमवर चालतं त्यातल्या चुका शोधणं हे माझं काम होतं. ऊठसूट खऱ्या प्रेसवर चुका शोधत बसता येत नाही, म्हणून आधी एम्युलेटर वापरायचा. एम्युलेटर म्हणजे लॅपटॉपमध्येच चालणारा नकली प्रोसेसर. तो चालू करून ठेवायचा, दुसऱ्या खिडकीत डीबगर, म्हणजे चुका शोधायचं साधन, उघडायचा आणि ठरलेल्या नंबराच्या पोर्टवरून, म्हणजे एका ठरलेल्या दारातून, दोघांना जोडायचं. जोडल्याबरोबर प्रोसेसर जागच्या जागी गोठतो, मग त्याच्या पोटात काय चाललंय ते एकेक पाऊल टाकत बघता येतं.

तिसऱ्या दिवशी मी हेच केलं. आज्ञा टाइप केली, एंटर मारला. मागून एक जाडजूड हात आला, त्यानं माझा कीबोर्ड वायरसकट उपटला आणि टेबलाच्या कडेवर दोनदा आपटला. बटणं फुटाण्यासारखी उडाली. एक माझ्या चहात पडलं.

"पलीकडं कोण हाय?" आवाज मराठी होता. चंदिगडमध्ये ऑफिसात ऐकलेलं पहिलं मराठी वाक्य.

"कुठे पलीकडे, सर?"

"आत्ता जोडलंस ते कुणाला जोडलंस?"

"एम्युलेटरला."

"कशावरनं?"

"म्हणजे... पोर्ट तोच आहे ना. नेहमीचा."

"नेहमीचा!" असं म्हणून त्यांनी हातातला उरलेला कीबोर्ड भिंतीवर फेकला.

मी अकोल्याची आहे. उन्हाला आणि आवाजाला सहसा घाबरत नाही. पण त्या दिवशी घाबरले. नंतर मात्र हा माणूस फरशीवर बसून एकेक बटण गोळा करायला लागला. सगळी बटणं रुमालात बांधली, आपल्या कपाटातून नवा कीबोर्ड काढला आणि स्वतः वायर लावून दिली. त्या कपाटात नव्या कीबोर्डांची चळतच होती. शेजारच्या टेबलावरचा मनप्रीत मला हळूच म्हणाला, "मॅम, ये सर फोड़ने के लिए ही लाते हैं."

सर मूळचे वाळवा तालुक्यातले. एअरफोर्समध्ये रडार दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घातली, शेवटची बदली इथं झाली आणि इथंच राहिले. मान आखूड, छाती रुंद, पायात बाराही महिने फौजी बूट. ते जिना चढायला लागले की वर सगळ्यांच्या पाठी सरळ व्हायच्या. तोंडात शिव्या तीन भाषांतल्या, पण राग खरा चढला की फक्त सांगलीकडच्या. मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए अकोला!" एवढंच.

त्यांचा एक नियम होता, आणि तो अख्ख्या ऑफिसात मराठीतच चालायचा. डीबगर जोडण्याआधी दोन्ही हात डोक्याच्या वर करायचे आणि मोठ्यानं विचारायचं, "पलीकडं कोण?" मग शेजाऱ्यानं उठून विचारणाऱ्याच्या स्क्रीनवर नजर टाकायची आणि सांगायचं, "एम्युलेटर," नाहीतर "मशीन". मशीन असेल, म्हणजे खालून ओढलेली प्रेसची केबल लॅपटॉपला लावलेली असेल, तर जिना उतरून खाली जायचं, प्रेस चालवणाऱ्या बलविंदरला डोळ्यांनी बघायचं, तो प्रेसपासून लांब उभा आहे याची खात्री करायची आणि मगच वर येऊन एंटर मारायचा. फोन चालणार नाही. खिडकीतून बघितलेलं चालणार नाही. पंजाबी, हिमाचली पोरं-पोरी हात वर करून "पलीकडं कोण?" असं ओरडायची तेव्हा बाहेरून आलेल्या माणसाला वाटायचं, इथं दरोडा पडलाय.

मी मनातल्या मनात हसायचे. पहिल्या महिनाअखेरीला सरांनी मला खाली नेलं आणि ते हसू कायमचं काढून घेतलं.

दर नव्या इंजिनियरचा हा विधी होता. बलविंदरनं कामाचा एक चामडी हातमोजा आणला होता. त्यात बकऱ्याच्या नळ्या, मांस, असं सगळं ठासून भरलं होतं. मनगटापाशी सुतळीनं बांधलेलं. सरांनी तो मोजा प्रेसच्या डायवर, म्हणजे पत्रा ठेवायच्या खालच्या साच्यावर, ठेवला आणि दट्ट्या सावकाश खाली सोडला. दट्ट्या अर्ध्यावर येताच मला म्हणाले, "आता जोड."

मी हात वर केले, विचारलं. त्यांनीच उत्तर दिलं, "मशीन." मी बोर्डाला लावलेल्या लॅपटॉपवर एंटर मारला. स्क्रीनवर आलं, प्रोसेसर थांबला आहे.

"थांबला का?"

"थांबला, सर."

"वर बघ."

दट्ट्या थांबला नव्हता. प्रोसेसरनं तेलाचा व्हॉल्व्ह आधीच उघडून ठेवला होता, आणि तो बंद करायला आता जागं कोणीच नव्हतं. सरांनी आत काठी घालून पडदा तोडला, पण तो बघायला कोणी नव्हतं. दट्ट्या त्याच संथ गतीनं मोज्यावर उतरला. आधी हाडं वाजली. मग शिवण उसवली आणि आतलं सगळं डायच्या कडांनी बाहेर आलं, थोडं माझ्या बुटांवर उडालं. मी तोंड फिरवलं. सरांनी माझं डोकं मागून धरून तिथंच ठेवलं.

"बघ. नीट बघ. एम्युलेटर थांबला की त्याचं घड्याळबी थांबतं, समदं जग थांबतं. हितं फकस्त मेंदू थांबतो. तेल थांबत न्हाई. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं, समजलीस?"

समजले. त्यासाठी डोकं धरून ठेवायची गरज नव्हती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. हा माणूस मला आवडायचा असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला त्याची भीती वाटायची, आणि त्याच्या हाताखाली शिकल्यावर दुसऱ्या कोणाचं शिकवणं पुळचट वाटायचं. गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या आरतीला काकू, म्हणजे सरांच्या बायको, भेटल्या, तेव्हा मी भीतभीत विचारलं, घरीही असंच का? काकू म्हणाल्या, "अगं नाही. घरात भांडंसुद्धा आपटत नाहीत. दूध उतू गेलं तरी गप्प पुसून घेतात." माझा विश्वास बसला नाही.

बलविंदर आमचा प्रेसवाला. पन्नाशीचा, उंच, दाढी पांढरी व्हायला लागलेली. त्याला डावा हात कोपराच्या थोडा खालपर्यंतच होता. एका हातानं तो डाय बसवायचा, नट आवळायचा, आणि कोणी मदतीला गेलं की शिवी हासडायचा. सर आणि तो रोज एकत्र जेवायचे, वर्कशॉपच्या दारात, उलट्या घातलेल्या क्रेटवर. एकमेकांशी फार बोलायचे नाहीत. बलविंदर त्यांना "फौजी" म्हणायचा. मला वाटायचं, जुनी दोस्ती असेल.

मग एप्रिलमध्ये, बैसाखीच्या आदल्या दिवशी मी दुपारी काही कामासाठी खाली गेले. प्रेस बंद होता. सर प्रेससमोर सावधानमध्ये उभे होते, टाचा जुळवलेल्या, हात पँटच्या शिवणीवर. समोर बलविंदर. त्यानं उजवा हात मागे नेला आणि सरांच्या तोंडात अशी ठेवून दिली की सर दोन पावलं बाजूला भेलकांडले. ओठ फुटला. सरांनी बाही ओठाला लावली, आणि दोघं क्रेटवर बसून जेवायला लागले. बाकीचे कामगार आपापल्या कामात होते, जणू काही झालंच नाही.

मी मनप्रीतला विचारलं. तो म्हणाला, "हर साल होता है मॅम. पूछना मत."

का होतं ते कळलं सेठींमुळे. सेठी आमचे मॅनेजर, आयटी पार्कातल्या मोठ्या ऑफिसातून आलेले, सदा इस्त्रीत. त्यांना एक नवी कल्पना सुचली होती: गिऱ्हाइकाच्या कारखान्यातल्या प्रेसला इथूनच, नेटवर्कवरून डीबगर जोडायचा. प्रवास नको, वेळ नको. त्यांनी हे सरांना खाली वर्कशॉपमध्ये, सगळ्यांसमोर सांगितलं, तीच त्यांची चूक.

"वहाँ मशीन के पास कौन खड़ा है, कैसे देखोगे?" सरांनी विचारलं.

"फोन कर लेंगे, इंगवले जी. आजकल सब रिमोट होता है यार."

पुढचं इतकं झटपट घडलं की आम्ही कोणी हललो नाही. सरांनी सेठींची कॉलर धरली, त्यांना ओढत प्रेसपाशी नेलं, त्यांचं मनगट पकडून डायवर दाबलं आणि दुसऱ्या हातानं पडद्याचा स्विच बंद करून दट्ट्या सोडला. सावकाश, पण सोडला. सेठी ओरडायला लागले. त्यांचं घड्याळ डायवर खडखडत होतं.

"करो फोन!" सर ओरडले. "ऊपर फोन करो, बोलो जोड़ दो! ये बलविंदर का हाथ किसने काटा मालूम है? मैंने. बारह साल पहले, दूसरे कारखाने में. ऊपर ऑफिस में बैठ के, चाय पीते-पीते, एंटर दबा के. मुझे लगा एम्युलेटर है!"

दट्ट्या वीतभर वर असताना त्यांनी सेठींचा हात सोडला. सेठी खाली बसले. त्यांच्या पँटीला काय झालं ते मी लिहीत नाही. बलविंदर इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला, त्यानं प्रेस बंद केला आणि सरांना म्हणाला, "चल फौजी, रोटी ठंडी हो रही है."

नंतर त्यानंच मला उरलेलं सांगितलं. हॉस्पिटलात तो शुद्धीवर आला तेव्हा फौजी खाटेशेजारी उभा होता. बलविंदरनं पोलिसात जायचं नाही म्हटलं, तर फौजी हट्टाला पेटला, मग मला मार. साल में एक बार, हात गेला त्याच दिवशी मार, नाहीतर मी विसरून जाईन. "मैंने पहले साल प्यार से मारा," बलविंदर म्हणाला, "तो मुझे गाली दी. बोला, दम नहीं है क्या? तब से पूरा जोर लगाता हूँ जी."

सेठींनी तक्रार केली नाही. तक्रारीत पँटीचंही सांगावं लागलं असतं. त्यांनी सरांना वगळून काम चालू ठेवलं. गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून त्यांनी नेटवर्कवाल्याकडून वर्कशॉपमधल्या प्रेसचा बोर्ड वरच्या सगळ्या लॅपटॉपना केबलशिवाय जोडून ठेवला; एम्युलेटर बंद असला की डीबगर थेट प्रेसलाच लागायचा. आणि पोर्ट दिला तोच, नेहमीचा, म्हणजे कोणाला नवं काही शिकायला नको. तशी मेल सगळ्यांना गेली होती. मी ती उघडली नव्हती.

तो पुढच्या वर्षीच्या मार्चमधला दिवस. सकाळी माझा लॅपटॉप अपडेट होऊन पुन्हा सुरू झाला होता, त्यामुळे एम्युलेटर बंद पडला होता, आणि ते माझ्या लक्षात नव्हतं. मनप्रीत चहाला गेला होता. सर खाली होते. मी हात वर केले नाहीत. विचारलं नाही. कोणाला विचारणार? शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि मी दिवसातून तीसदा तीच आज्ञा द्यायचे. एंटर मारला. कुरकुर न करता जोडलं गेलं. दार उघडलं म्हणजे घरात आपलंच माणूस आहे, असं मी धरून चालले.

स्क्रीनवर आलं, प्रोसेसर थांबला आहे. पण थांबला होता तो पत्ता माझ्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीचा नव्हता. एम्युलेटर आम्ही नेहमी पहिल्या पावलाआधीच गोठवून सुरू करायचो. हा कुठेतरी मध्येच होता. धावत असलेला.

मला कळायला दोन सेकंद लागले असतील. खालून धप्प असा आवाज आला, आणि मग एका पुरुषाची किंकाळी.

मी जिन्यावर पोहोचले तेव्हा दट्ट्या डायवर पूर्ण बसला होता. फटीतून चामडी मोज्याची दोन बोटं बाहेर आली होती. उजव्या हाताचा मोजा. मी ती बोटं बघितली. त्या माणसाला एकच हात होता.

मग बलविंदर दिसला. दहा फूट लांब, तेलाच्या पिंपांना आपटून पडलेला, छाती धरून, शिव्या देत. छाती धरलेल्या हाताला पाचही बोटं होती. दट्ट्या सावकाश उतरत असताना डायवर अडकलेला पत्र्याचा तुकडा काढायला त्यानं हात घातला होता. पडदा आहे, दट्ट्या थांबेल, या भरवशावर. सर शेजारी उभे होते आणि त्यांची नजर बोर्डावरच्या हिरव्या दिव्याकडे होती. प्रोसेसर चालू असेतो तो दिवा लुकलुकतो. तो लुकलुकायचा थांबला. लाल बटण चार पावलांवर होतं. सरांनी त्या फौजी बुटानं बलविंदरच्या बरगड्यांत सगळ्या ताकदीनिशी लाथ घातली. तो मागे फेकला गेला, मोजा आत राहिला. दोन बरगड्या मोडल्या.

सरांनी हातोडा उचलला. भिंतीवरचा नेटवर्कचा डबा खाली पाडला आणि त्याचा चुरा होईपर्यंत घाव घालत राहिले. पत्रा, प्लॅस्टिक, वायरी. हाताला लागलं, रक्त आलं, तरी थांबले नाहीत. थांबले तेव्हा त्यांनी मान वर करून जिन्याकडे बघितलं. मी तिथं उभी होते. माझे दोन्ही हात डोक्याच्या वर होते, कधी गेले मला माहीत नाही.

मग ते खालीच बसले आणि त्यांनी बलविंदरचं डोकं मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सेठींनी सगळ्यांना बोलावलं. "किसने जोड़ा?"

मी 'मी' म्हणणार होते, असं मी स्वतःला खूप वेळा सांगितलंय. पण त्याआधी सर म्हणाले, "मैंने."

सर खाली प्रेसपाशी होते हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सेठींनाही. त्यांनी ते लिहून घेतलं, कारण त्यांना तेच हवं होतं. मी गप्प बसले. संध्याकाळी शहराबाहेर, खरड गावातल्या माझ्या फ्लॅटवर गेले आणि जेवून झोपले. झोप लागलीही. याची मला जितकी लाज वाटते तितकी त्या एंटरचीही वाटत नाही. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच सरांचं कपाट रिकामं झालं होतं. कीबोर्डांची चळत त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली होती.

मग बैसाखीचा आदला दिवस आला. मी दुपारी डबा घेऊन बाहेर पडले, तर फाटकाबाहेर, भर उन्हात, सर सावधानमध्ये उभे. आत यायला त्यांना बंदी होती. बलविंदर छातीला पट्टा बांधून हळूहळू फाटकाबाहेर गेला. हात मागे न्यायला लागला आणि कळवळून थांबला.

"मार की!" सर म्हणाले.

"पसलियाँ तोड़ के बोलता है मार! हाथ उठेगा तो मारूँगा ना?"

मी डबा धरून तिथंच उभी होते. सरांनी मला बघितलं आणि विचारलं, "बलविंदरला सांगितलंस?"

"नाही, सर."

"मग ते सांग. हापिस गेलं खड्ड्यात. ह्याला सांग."

मी सांगितलं. हिंदीत, अडखळत, की त्या दिवशी मी जोडलं होतं, मी विचारलं नव्हतं. बलविंदरनं मान हलवली. "पता है जी. ये बंदा बारह साल में बिना पूछे एक बार नहीं जोड़ा."

मला रडू फुटलं. मी सरांसमोर जाऊन उभी राहिले, टाचा जुळवून, त्यांच्यासारखी. म्हटलं, "मला मारा. तुम्ही नाहीतर यांनी. कोणीही."

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा राग मी पुष्कळ बघितला होता. हे वेगळं होतं.

"बारा वर्सं मार खाल्ला मी," ते म्हणाले. "दर वर्षी त्या रात्री ढाराढूर झोपलो. हलकं वाटायचं. ते चुकलं माझं, अकोला. तू हलकी होऊ नगंस."

त्यांनी स्कूटर वळवली. बलविंदरला डॉक्टरकडे पट्टा बदलायला न्यायचं होतं. तो कण्हत मागे बसला आणि त्यानं आपला एकुलता हात सरांच्या खांद्यावर ठेवला. सर किकवर पाय ठेवून थांबले. मला वाटलं, काही बोलायचं राहिलं असेल. पण त्यांनी हँडल सोडलं आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. मागे बलविंदरनंही हात वर नेला, बरगडीत कळ आली म्हणून एक सणसणीत शिवी दिली, पण हात खाली घेतला नाही. दोघं तसेच, रस्त्याच्या कडेला, माझ्याकडे बघत. येणारे-जाणारे ट्रकवाले हॉर्न देत होते.

मी डबा फाटकापाशी खाली ठेवला आणि दोन्ही हात वर केले. मग सरांनी किक मारली.